बाई असल्याचा दाखला

नर्स व्हायचं माझ्या मनानं घेतलं, तेव्हा मी बीदरजवळच्या कोळारच्या एका बिस्किटाच्या कारखान्यात पाठवणीच्या खोलीत कारकून होते. कोणत्या गावाला किती खोकी गेली ते वहीत लिहायचं, खोक्यावर चिठ्ठी डकवायची, आणि टेम्पो हलला की त्याच्या मागं उठलेली तांबडी धूळ खाली बसेपर्यंत खिडकीतून बघत राहायचं. यातलं तिसरं काम मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण तेच मी सगळ्यांत मन लावून करायची.

एके दिवशी पॅकिंगच्या खोलीत पत्र्यानं एका बाईचा तळहात चिरला. सगळे जण ओरडत होते. कुणी चुना आणा म्हणत होतं, कुणी चहापत्ती. मी उठले, तिचा हात धरून वर केला, स्वच्छ फडकं घट्ट बांधलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तसाच धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, "कुणी बांधलं हे? बरं बांधलंय." माझा हात एकदाही हलला नव्हता. घरी आल्यावर मात्र चहाची कपबशी हातातून सुटली आणि तिचे सात तुकडे झाले. पण तोवर ठरून गेलं होतं.

माझे मालक नागनाथ, गल्लीत त्यांना गुरुजी म्हणतात, मराठी शाळेत मास्तर. त्यांनीच पेपरातली जाहिरात वाचून दाखवली. नर्सबाईचं अठरा महिन्यांचं शिक्षण, दहावी पास पाहिजे, आणि एक जुलैला वय तीसच्या आत पाहिजे. साल शहाऐंशी. त्या एक जुलैला मला एकोणतीस वर्षं आणि अकरा महिने होणार होते. म्हणजे हे साल गेलं की गेलंच. गुरुजींनी बोटांवर हिशेब केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बसतीस बघ. काठावर, पण बसतीस."

त्या दिवसापासून मी जागेपणी एका दवाखान्यात फिरू लागले. हा दवाखाना फार चांगला होता. तिथं कुणी कण्हत नसे. लांबच लांब वऱ्हांडा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरींच्या खाटा, वरच्या झरोक्यातून खाली उतरलेलं ऊन, आणि मधून मी चालले आहे. पायांत आवाज न करणारे बूट. मी कपाळाला हात लावला की ताप उतरायचा. या दवाखान्यात माझी उंचीही चार बोटं जास्त असायची. कारखान्यातलं पाकिटं मिटवणारं यंत्र ठक ठक करत राही, आणि मी त्या ठेक्यावर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात राही. दोनदा तर बसमधून कोळारला उतरायचं विसरून मी पार पुढं गेले, आणि उघड्या माळावर, ज्वारीच्या धसकटांकडे तोंड करून, परतीच्या बसची वाट बघत उभी राहिले. तिथंही मला वाईट वाटलं नाही. वारा चांगला होता.

घरात पहिली अडचण सासूबाईंची. भागाबाई आमच्या गल्लीतल्या दाई. निम्मी गल्ली त्यांनी स्वतःच्या हातानं या जगात आणलेली, त्यामुळे त्या गल्लीतल्या मोठमोठ्या माणसांनाही 'आरं उताण्या' म्हणून हाक मारत, आणि ती माणसं ओ देत.

"कामून?" त्या म्हणाल्या. "मी मेले व्हय?"

"तसं न्हाई, आत्याबाई. शिकून घेते म्हणलं."

"बाळतपण शाळेत शिकतेत व्हय? ते काय भूगोल हाय?"

गुरुजी भूगोलच शिकवत. त्यांना ते लागलं. त्यांनी त्याच संध्याकाळी मोठ्या कागदावर माझं वेळापत्रक केलं. पहाटे शरीररचना, बसमध्ये तोंडपाठ, जेवणाच्या सुट्टीत उजळणी, संध्याकाळी कन्नड. मधे 'मधली सुट्टी' म्हणून दहा मिनिटं ठेवली आणि शेवटी 'वंदन'. तांबड्या पेन्सिलीनं रेघा मारल्या. फार सुंदर वेळापत्रक होतं ते. त्यात सगळं होतं, फक्त स्वयंपाक कुणी करायचा ते नव्हतं.

कन्नड ही दुसरी अडचण. मुलाखत कन्नडमध्ये होणार होती. आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी तीन महिन्यांची होते, पाळण्यात पडलेली. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी कन्नड नीट येत नाही याचा ठपका माझ्यावरच येई. मला येत होतं ते बाजाराचं कन्नड. 'केवढ्याला', 'महाग आहे' आणि 'राहू दे'. एवढ्यावर रोग्याची सेवा होत नाही.

शेजारच्या सिद्धव्वा अक्का शिकवायला तयार झाल्या. त्यांना लिहितावाचता यायचं, आवाज खणखणीत आणि वेळ भरपूर. त्यांच्या गुडघ्यांना तीन वर्षांपासून कळ होती. त्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसत आणि गुडघा दाखवून 'मोणकालु' म्हणत, मी म्हणे 'मोणकालु'. मग पोट, मग छाती, मग घसा. प्रत्येक अवयव त्या स्वतःच्या अंगावर दाखवत आणि त्याला काय होतंय तेही सविस्तर सांगत. मग ते तसं का होतंय ते सांगत. कारण एकच असे, त्यांची सून. पंधरा दिवसांत मला कन्नडमध्ये गुडघ्याचं दुखणं, पोटातला वायू आणि सुनेचा आगाऊपणा या तीन विषयांवर न अडखळता बोलता यायला लागलं. व्याकरणाच्या बाबतीत अक्का कडक होत्या. त्यांच्या सुनेबद्दल मी चुकूनही चांगलं क्रियापद वापरलं की लगेच दुरुस्त करत.

आणि याच काळात गल्लीत बातमी फुटली. राजूबाई नर्स व्हायलीय. 'व्हायलीय' हा शब्द लोकांनी ऐकलाच नाही. झाली, असंच धरून चालले. सकाळी मी चूल पेटवायच्या आत अंगणात दोन-तीन माणसं. कुणाच्या मानेवर गळू, कुणाच्या लेकराला माती खायची खोड. एकजण म्हशीला घेऊन आला. मी म्हटलं, अजून माझा अर्जसुद्धा गेला नाही. तो म्हणाला, "बघा तर. बघायला काय जातंय?"

सासूबाई पहिले दोन दिवस नाक मुरडून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या उठल्या, बाज दारात आडवी टाकली आणि ओरडल्या, "नंबरानं या! हितं काय यात्रा हाय?" त्या दिवसापासून माझ्या न उघडलेल्या दवाखान्याचा कारभार त्यांच्या हातात गेला. मी एखाद्याला "गरम पाण्यानं शेका" म्हणायची, की त्या मागून, "आणि हळद लाव. ती विसरलीय सांगायचं." लोक हळद लावायचे. बरे झाले की त्यांचं नाव व्हायचं, नाही झाले की माझं.

एवढं सगळं चालू असताना मी अर्ज पाठवला आणि ट्रेनिंग शाळेचं पत्र आलं. कन्नडमध्ये होतं. सिद्धव्वा अक्कांनी उजेडात धरून वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"काय हाय, अक्का?"

"श्री राजू हरिबा," त्या म्हणाल्या. "हे शिक्षण फक्त बायकांसाठी हाय म्हणे. तुझा अर्ज घेता येत न्हाई. तू गडी हाईस."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी तसं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन मी ट्रेनिंग शाळेच्या कार्यालयात गेले. मुद्दाम हिरवं लुगडं नेसले, हातभर बांगड्या घातल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं. कारकुनानं माझा अर्ज काढला. त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. कागद जिंकला.

"राजूला पाठवून द्या," तो म्हणाला.

"मीच राजू."

"दाखल्यावर राजू हरिबा लिहिलंय. बाई कुठंय?"

"ही काय समोर."

मागून शिपाई समजुतीच्या सुरात म्हणाला, "देखो अम्मा, तुम दिखरे सो बात अलग, कागद की बात अलग."

आता मला सांगा, माणसानं आपला अपमान कुठं झाला असं समजावं? कुणी मला बरंवाईट बोललं नव्हतं. दोघेही सभ्य होते. शिपायानं तर पाणी आणून दिलं. मी ते प्याले, आणि पिताना मला उगीच वाटलं की आपण पुरुषासारखं पितो आहोत की काय.

दाखला चिटगुप्प्याच्या शाळेचा. ते माझं माहेर. रविवारी शाळा बंद, म्हणून सोमवारी पुन्हा सुट्टी. मुख्याध्यापक रामराव भले गृहस्थ. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, शिंकले आणि पान सापडवलं. खोट तिथंच होती. नावाचा रकाना अरुंद. त्यात 'राजू' एवढंच मावलं होतं आणि 'बाई' पलीकडच्या रकान्यात गेली होती. पलीकडचा रकाना वडिलांच्या धंद्याचा. म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत सरकारी कागदावर माझे वडील हरिबा यांचा धंदा 'बाई शेती' असा चालत आला होता. माझ्या वडिलांनी जन्मात कधी विडीसुद्धा ओढली नाही.

"सर, ती बाई जरा हिकडं सरकवा की," मी म्हणाले.

रामरावांनी रजिस्टर छातीशी धरलं. "शाई सरकारची हाय, बाई. मला हात लावता येत न्हाई. वरून हुकूम आणा."

"वरून म्हंजी कुठून?"

त्यांनी छताकडे बोट दाखवलं. तरी माणूस खरंच चांगला. त्यांनी मला एक पत्र लिहून दिलं. 'सदर रजिस्टरात बाई आहे, परंतु ती नेमकी कोणाची हे आज सांगता येत नाही.' खाली सही, शिक्का. परतीच्या बसमध्ये मी ते चार वेळा वाचलं. मग वाचायचं सोडलं आणि बाहेर बघत बसले. तुरीची शेतं मागं पळत होती. मला वाटलं, मी खरोखरच त्या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर कुठंतरी उभी आहे, आणि दोन्हीकडची माणसं मला सांगतायत की तुम्ही पलीकडच्या आहात.

तहसीलमध्ये बसवंतप्पा नावाचे कारकून होते. तोंडात पान, कानावर पेन. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. असं ऐकणारा कारकून मी पहिल्यांदाच पाहिला.

"जातीचा नमुना हाय," ते म्हणाले. "उत्पन्नाचा हाय. रहिवाशाचा हाय. विधवा असल्याचा हाय, निराधार असल्याचा हाय. नुसती बाई असल्याचा नमुना न्हाई. आजपतोर कुणी मागितलाच न्हाई."

"मग आता?"

"लग्नाचा कागद आणा. नवरा हाय म्हणल्यावर बाई असणारच."

आमचं लग्न विहारात झालं. पंचशील, हार, पेढे, झालं. कागद कुणी केला नव्हता. मी तसं सांगितलं. बसवंतप्पांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचार केला. "मग पंचनामा करू," ते म्हणाले.

ते खरंच घरी आले, गुरुवारी सकाळी, माझ्या अंगणातल्या रांगेच्या ऐन वेळी. गळूवाले, तापवाले सगळे बसलेले. पंच म्हणून सिद्धव्वा अक्का आणि सासूबाई. गुरुजी नवी टोपी घालून उभे. बसवंतप्पा बाजेवर बसले आणि पहिला प्रश्न गुरुजींना केला.

"ही कोण?"

"माझी पत्नी."

"कशावरून?"

गुरुजी गडबडले. दहा वर्षांच्या संसारात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते माझ्याकडे असे पाहू लागले, जसं त्यांच्या शाळेतली पोरं नकाशाकडे पाहतात. शेवटी म्हणाले, "रोज घरीच असते."

तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. "कशावरून म्हणजे? दोन लेकरं या हातानं काढली तिची. नाळ मी कापली. हिला बाई म्हणायचं न्हाई तर काय तहसीलदार म्हणायचं व्हय? लिहा तुम्ही! आन् नीट लिहा. शिकायला जायलीय माझी सून. गल्लीत पहिली. लिहा!"

मी चुलीपाशी होते. धूर डोळ्यांत गेला होता, म्हणून डोळे पुसले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्याहून मोठ्यानं ओरडल्या, "चहा ठीव की, बघत काय बसलीस!"

दाखला मिळाला. तो अजून माझ्यापाशी आहे. 'समक्ष पाहता व पंचांच्या सांगण्यावरून वर नमूद राजू हरिबा ही बाई असल्याचे दिसते. सदर दाखला सहा महिने ग्राह्य धरावा.'

गुरुजींनी दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, आणि सहा महिन्यांनंतर?"

"नवा काढावा लागंल," बसवंतप्पा म्हणाले आणि पेन कानावर ठेवलं.

दाखल्याची नक्कल जोडल्यावर माझा अर्ज घेतला गेला आणि मुलाखतीचा दिवस ठरला. पण या दाखल्याच्या धावपळीत कारखान्यात माझ्या हातून काय काय झालं, ते मला तेव्हा कळलंही नाही. मी जेवणाच्या सुट्टीत औषधांचं पाठांतर करायची. जे पाठ करायची ते सोबत लिहायची. हाताशी कागद असायचे ते खोक्यावर डकवायच्या चिठ्ठ्यांचे. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

एका सकाळी आमचे सुपरवायझर हणमंतप्पा यांनी मला बोलावलं. हणमंतप्पा कमी बोलत. त्यामुळे ते बोलले की माणसं आधीच कबूल होत. त्यांच्या पुढ्यात पोस्टकार्ड होतं, गाणगापूरच्या आप्पाराव नावाच्या दुकानदाराचं. यात्रेकरूंना चहा-बिस्किटं विकण्याचं दुकान. हणमंतप्पांनी कार्ड मोठ्यानं वाचलं.

'आपल्याकडून आलेल्या खोक्यावर, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर द्यावी, गरोदर बाईस उपाशीपोटी देऊ नये, असे लिहिले आहे. हा माल बिस्किट आहे की औषध? औषध असल्यास माझ्याकडे परवाना नाही, माल परत न्यावा. तसे नसल्यास आणखी सहा खोकी पाठवावी. चिठ्ठी वाचून गिऱ्हाइके फार मागत आहेत.'

वाचून झालं. यंत्राचा ठक ठक आवाज येत होता. माझ्या डोळ्यांसमोरचा तो लांब वऱ्हांडा एका क्षणात विझला, झरोके बंद झाले, खाटा रिकाम्या. नोकरी गेली, आता शिक्षणही गेलं, असंच वाटलं.

"अक्षर तुझं हाय?"

"व्हय."

"हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं. अर्ज, वय, कन्नड, दाखला. रडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून फार भरभर सांगितलं. हणमंतप्पा कार्डाकडे बघत राहिले.

"हे उपाशीपोटी देऊ नये," ते म्हणाले, "कशाचं हाय?"

"लोहाच्या गोळ्या, साहेब. रक्तवाढीच्या. उपाशीपोटी घेतल्या की मळमळतंय."

मग, कमी बोलणारा तो माणूस, खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "माझ्या बायकूला सहावा महिना हाय. त्याच गोळ्या दिल्यात. पहाटे उठल्या उठल्या खायलीय. रोज उलट्या. गोळ्या बंद करते म्हणून बसलीय."

"बंद नका करू. जेवल्यावर द्या. चहासंगं मात्र नको."

"लिहून दे," ते म्हणाले आणि चिठ्ठीचा कोरा कागद त्यांनीच पुढं सरकवला. मी लिहून दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. तीन दिवसांनी माझ्या मेजावर सुट्टीचा अर्ज मंजूर होऊन पडला होता, मुलाखतीच्या दिवसाचा. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. 'अभ्यास वहीत करावा, खोक्यावर नको.' उलट्या थांबल्या की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्याच दिवशी पाठवणीच्या खोलीत माझ्यासाठी एक कोरी वही येऊन पडली होती.

मुलाखतीला तिघे होते. एक डॉक्टर, एक वयस्क मेट्रन आणि एक साहेब. सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत मी बसले होते. दोघींनी मला कुणाची तरी आई समजून जागा करून दिली.

साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "नर्स का व्हायचंय?" याचं उत्तर मी पाठ करून आले होते. 'मानवतेची सेवा' असं काहीसं होतं, गुरुजींनी रचलेलं. ते मला आठवलंच नाही. तोंड उघडलं तर अक्कांचं कन्नड आलं, धो धो. गुडघ्याला तीन वर्षं कळ आहे, पायरी चढताना जीव जातो, वायू इथून उठतो आणि इथं येऊन बसतो, रात्री डोळ्याला डोळा नाही, पोरगा विचारत नाही, सून मीठ जास्त घालते. थांबायचं कसं ते अक्कांनी शिकवलं नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मेट्रन मात्र पुढं वाकल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात सगळे असंच बोलतात. पोरींना हे कळायला वर्ष जातं."

डॉक्टर म्हणाले, "मी रोगी. मला काय विचारशील?"

मला विचारायचं होतं, 'नोवु एल्ली?' म्हणजे, कुठं दुखतंय. मी घाईत म्हणाले, "नावु एल्ली?" म्हणजे, आपण कुठं आहोत.

डॉक्टरांनी गंभीरपणे भोवताली पाहिलं आणि म्हणाले, "बीदरनल्ली." म्हणजे, बीदरमध्ये. साहेब खोकून खोकून हसले.

माझे कान तापले. त्यात मेट्रननी सांगितलं, साहेबांची नाडी मोज. मी गुरुजींचं घड्याळ आणलं होतं, ते चावी न दिल्यामुळे बंद पडलेलं. सांगायचीही लाज. मी साहेबांचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. कारखान्यातलं ते यंत्र मिनिटाला बरोबर साठ ठोके देई. सात वर्षं ते माझ्या अंगात वाजत होतं. मी ते मनात चालू केलं आणि त्याच्या बाजूला साहेबांची नाडी ऐकत राहिले. खोली लांब गेली. बाहेर कुणीतरी बादली ठेवली, तीही लांब.

"चौऱ्याऐंशी," मी डोळे उघडून म्हणाले.

मेट्रन घड्याळ लावून मोजत होत्या. "पंच्याऐंशी," त्या म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे पाहून, "सोड आता. मोजून झालं."

यादी लागली तेव्हा त्यात माझं नाव अकरावं होतं. सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं, नाळ कशी कापायची ते मी शिकवूनच पाठवायलेय, शाळेला फार काही करावं लागणार न्हाई.

पहिल्या दिवशी खाट कशी घालायची तो धडा होता. सिस्टर तरुण होत्या, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहानच असतील. चादर ताणायची, कोपरा असा दुमडायचा, सुरकुती राहू द्यायची नाही. मग त्या म्हणाल्या, "रोगी खाटेवर असताना चादर कशी बदलायची ते बघा. कुणीतरी झोपा." पोरी लाजल्या. वयानं मोठी म्हणून मीच पुढं झाले.

पांढरी, ताणलेली, थंड चादर. वर उंच छत, झरोक्यातून एक उन्हाचा पट्टा खाली येत होता. सिस्टरांनी मला एका कुशीवर वळवलं. त्यांचा हात फार हलका होता. एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा माझ्या डोक्याला पट्टी होती. डावा हात झोळीत. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज, सुबक, एकसारखं. पट्ट्यांचा पुढचा धडा माझ्याच अंगावर उरकला होता. भोवती पोरी गोल करून उभ्या होत्या, वह्या हातात, सगळ्यांचे श्वास रोखलेले. सिस्टर माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत होत्या. एक सगळ्यांत लहान पोरगी फसकन हसणार, तेवढ्यात सिस्टरांनी ओठावर बोट ठेवलं.

"श्श," त्या म्हणाल्या. "पेशंट झोपलाय."

पोरी चवड्यांवर मागं सरल्या. कुणीतरी जाऊन खिडकीचं दार लोटलं, उजेड मऊ झाला. मला उठायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. वयानं सगळ्यांत मोठी, पहिलाच दिवस. पण माझ्यासाठी एवढी माणसं अशी गप्प उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. मी डोळे पुन्हा मिटून घेतले, आणि सिस्टरांनी पायांवरची चादर नीट केलेली मला कळली.